प्रिंटर हरवतो कुठे?

"मोबाइलवर यूट्यूब व्यवस्थित चालतंय, प्रिंटरचा दिवा लागलाय, कागद भरलेत, शाई आहे. तरी संगणक म्हणतो, प्रिंटर ऑफलाइन. असं कसं?"

हा प्रश्न साताऱ्याच्या शाहूपुरीत विचारला जातो तसाच सांगलीच्या विश्रामबागेतही. वेळही बहुधा ठरलेली असते. रात्रीचे नऊ वाजून गेलेले, कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद झालेलं आणि सकाळी कागद हातात हवा असतो. कुणाला शिकवणीच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची सराव प्रश्नपत्रिका काढायची असते, कुणाला बँकेत द्यायला सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा आता पंधरा रुपये भरून घरबसल्या उतरवून घेता येतो, त्यासाठी चावडीवर हेलपाटे घालावे लागत नाहीत. पण तो कागदावर यायचा तर घरचा प्रिंटर हलला पाहिजे.

मग घरातला प्रत्येक जण येऊन आपापला उपाय करतो. एक जण प्रिंटर बंद-चालू करतो, दुसरा प्रिंटचं बटण पुन्हा पुन्हा दाबतो, तिसरा सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकतो आणि शेवटी वडीलधारं कुणी तरी निकाल देतं, "प्रिंटरच गेला." हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. प्रिंटर ठणठणीत असतो, संगणकही ठणठणीत असतो. एकाला दुसऱ्याचा पत्ता लागत नसतो, इतकंच. पत्ता का लागत नाही याची कारणं मोजकी आहेत आणि ती ठरावीक क्रमाने तपासली तर सापडतात. क्रम सोडला की मात्र रात्र जाते.

१. छापणं वेगळं, पोचणं वेगळं

मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली, तांब्याच्या पत्र्यांवर नागरी अक्षरं कोरून. ही कोरणीची विद्या पुण्यात इंग्रज रेसिडेंट मॅलेटच्या वेळी एका कारागिराच्या हाती लागली होती आणि पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला. त्या छपाईत पत्रा, शाई, कागद आणि कारागीर हे सगळं एका जागी होतं. पान बिघडलं तर कारण तिथेच सापडणार. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. माळावरच्या त्या वसाहतीत छापखाना होता, पण मासिक वाढलं तसे लेखक गावोगावचे झाले आणि त्यांचा मजकूर टपालाने यायचा. आता यंत्र उत्तम असूनही पान अडू शकत होतं, कारण मजकूर वाटेत अडकू शकत होता.

बिनतारी प्रिंटर या दुसऱ्या जातीचा आहे. पान तयार होतं लॅपटॉपवर, छापलं जातं दुसऱ्या खोलीत आणि मधे एक वाट असते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: बिघाड छापण्यात आहे की पोचण्यात?

याचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं. प्रिंटरला स्कॅनरची काच असेल तर तिच्यावर एखादा कागद ठेवा आणि प्रिंटरवरचंच कॉपीचं बटण दाबा. या कामात संगणकाचा, वाय-फायचा काही संबंध नसतो. कॉपी स्वच्छ आली तर छापखाना नीट आहे. कॉपीच आली नाही, किंवा पट्टे-पट्टे आले, तर कागद अडकलाय, शाईची नळी कोरडी पडलीये किंवा हेड चोंदलंय. मग वाय-फायच्या मागे लागू नका, हे प्रकरणही पुढे वाचू नका.

आता यूट्यूबचा पुरावा बघू. यूट्यूब चालतं याचा अर्थ मोबाइल राउटरशी बोलतोय आणि राउटर बाहेरच्या जगाशी. प्रिंटरचं नाव त्यात कुठेच आलं नाही. घरातलं पान लॅपटॉपकडून राउटरकडे जातं आणि राउटरकडून प्रिंटरकडे. ते घराबाहेर जातच नाही. रस्ता खणताना बाहेरची केबल तुटली आणि इंटरनेट दोन दिवस बंद पडलं, तरी घरातल्या घरात प्रिंट यायला हरकत नसते. काही कंपन्यांच्या विशिष्ट योजनांतले प्रिंटर इंटरनेटशी सतत जोडलेले असावे लागतात, तेवढे अपवाद. त्यामुळे इंटरनेट चालू असणं हा प्रिंटर जोडलेला असल्याचा पुरावा नाही आणि इंटरनेट बंद असणं ही न छापण्याची सबबही नाही.

२. पत्ता कोण देतं?

राउटर म्हणजे घरातली ती मिशांवाली पेटी. तिला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला ती एक आकडी पत्ता देते. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो चार भागांत लिहिलेला असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. घरगुती राउटरमध्ये पहिले तीन भाग सगळ्यांचे सारखे असतात आणि शेवटचा आकडा ज्याचा त्याचा. राउटर स्वतः बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर बसलेला असतो.

गोंधळ होतो तो हा पत्ता कायमचा नसतो म्हणून. राउटर तो मुदतीने देतो, एखाद्या राउटरमध्ये ही मुदत दोन तासांची असते, एखाद्यात चोवीस तासांची. वस्तू चालू राहिली तर मुदत आपोआप वाढत जाते. वस्तू बंद पडली आणि मुदत संपली, की तो पत्ता दुसऱ्या कुणाला मिळू शकतो.

आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. काहींच्या जागा ठरलेल्या असतात, पण बाकीचे विक्रेते येतील तसे बसतात. लिंबाखालच्या तिसऱ्या जागेवर मेथीवाल्या मावशी बसतात हे गिऱ्हाइकाने एकदा बघून ठेवलंय. पुढच्या बाजारी मावशींची एसटी उशिरा आली. तिसऱ्या जागेवर कांदेवाला बसला आणि मावशींना आठवी जागा मिळाली. गिऱ्हाईक सवयीने लिंबाखाली गेलं, मेथी दिसली नाही आणि घरी येऊन म्हणालं, "आज मावशी आल्याच नाहीत."

संगणकाचं 'ऑफलाइन' हे नेमकं असं असतं. प्रिंटर जोडला त्या दिवशी संगणकाने पत्ता लिहून ठेवला, १९२.१६८.१.५. आज प्रिंटर १९२.१६८.१.८ वर आहे आणि ५ वर कुणाचा तरी मोबाइल बसलाय. संगणक पाच नंबरला पान देऊ बघतो, मोबाइलला त्यातलं काही कळत नाही आणि संगणक जाहीर करतो की प्रिंटर आलाच नाही.

सगळेच संगणक असे आकड्याला चिकटून बसत नाहीत. काही जोडण्या प्रिंटरला नावाने हाक मारून शोधतात. ॲपलने २०१० साली आणलेली एअरप्रिंट पद्धत अशी आहे. अँड्रॉइड फोनसाठी मोप्रिया नावाची सोय आहे, ती २०१३ साली काही प्रिंटर कंपन्यांनी एकत्र येऊन सुरू केली. घरातल्या मोबाइलवरून प्रिंट निघते आणि लॅपटॉपवरून निघत नाही, याचं एक कारण हेच असतं. मोबाइल हाक मारून शोधतो, लॅपटॉप जुन्या जागेवर जाऊन उभा राहतो.

३. लाइट गेली, लाइट आली

आमच्या भागात पत्ते बदलण्याचं मोठं कारण म्हणजे वीज जाणं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा पाऊस येतो, वारं सुटतं, लाइट जाते. तासाभराने येते. त्या क्षणी घरातल्या सगळ्या वस्तू एकदम जाग्या होतात. प्रिंटर लवकर उठतो, राउटरला सावरायला एक-दोन मिनिटं लागतात. प्रिंटरने उठून बघितलं तर वाय-फायच नाही. काही प्रिंटर धीराने पुन्हा पुन्हा बघत राहतात, काही थोड्या वेळाने नाद सोडतात. शिवाय पुष्कळ घरगुती राउटर कुणाला कुठला पत्ता दिला होता याची यादी वीज गेल्यावर विसरतात आणि नव्याने वाटप सुरू होतं.

इन्व्हर्टर असलेल्या घरात आणखी एक पेच असतो. इन्व्हर्टरची वायर हॉलमधल्या पंख्या-दिव्यांना आणि राउटरच्या सॉकेटला दिलेली असते, प्रिंटरच्या खोलीतल्या सॉकेटला नसते. म्हणजे राउटर जागा आणि प्रिंटर झोपलेला. तेवढ्यात पाहुण्यांचे मोबाइल वाय-फायला जोडले गेले, की प्रिंटरची जुनी जागा जाऊ शकते.

म्हणून लाइट आल्यावर पहिला उपाय साधा आहे, पण क्रमाने करायचा. प्रिंटर बंद करा. राउटर चालू होऊन त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. मग प्रिंटर चालू करा आणि त्याचा वाय-फायचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट बघा. शेवटी संगणक रीस्टार्ट करा. सगळं एकदम बंद-चालू करणारे नेमका हा क्रमच मोडतात आणि मग उपायाला नावं ठेवतात.

कायमचा उपायही आहे, आणि माझ्या मते हे एवढं एक काम केलं तरी पुढची निम्मी डोकेदुखी टळते. राउटरच्या सेटिंगमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाची सोय असते. बाजारात मेथीवाल्या मावशींना त्यांच्या नावाची पक्की पावती द्यावी, तशी. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच बारा अक्षर-आकड्यांची एक ओळख मिळालेली असते, तिला मॅक ॲड्रेस म्हणतात. ही ओळख दिसली की तिला कायम अमुकच आयपी पत्ता द्यायचा, असं राउटरला सांगून ठेवायचं. त्यासाठी संगणकाच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका आणि पेटीच्या खाली चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड देऊन आत जा. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत प्रिंटर शोधा आणि त्याची जागा राखून ठेवा. काही जण राउटरकडे न जाता प्रिंटरवरच पत्ता पक्का करून टाकतात. तसं करू नका. उद्या राउटर बदलला आणि त्याचे आकडे वेगळे निघाले, तर प्रिंटर जुन्या पत्त्याला कवटाळून बसतो आणि कुणालाच सापडत नाही.

४. एकाच घरात दोन वाय-फाय

प्रिंटरला आज कुठला पत्ता मिळालाय हे त्यालाच विचारता येतं. स्क्रीन असेल तर नेटवर्कच्या मेनूत दिसतो. घरोघरी असतात त्या शाईच्या टाकीच्या स्वस्त प्रिंटरना पुष्कळदा स्क्रीन नसते. तिथे पुस्तिकेत सांगितलेलं बटण दाबलं की नेटवर्क स्टेटसचा एक कागद छापून येतो. त्यावर दोन ओळी बघायच्या: एसएसआयडी, म्हणजे प्रिंटर कुठल्या नावाच्या वाय-फायला जोडलाय ते, आणि आयपी ॲड्रेस.

मग लॅपटॉपवर, वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता बघा. दोन्ही शेजारी शेजारी कागदावर लिहा. घरगुती जोडणीत पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत.

एक उदाहरण घेऊ. सांगलीतल्या एका शिकवणीच्या बाईंचं घर दुमजली आहे. केबलवाल्याने फायबरबरोबर दिलेली पेटी खाली आहे. वर वाय-फाय पोचत नाही म्हणून त्यांनी बाजारातून आणखी एक राउटर आणला आणि खालच्या पेटीतून वायर नेऊन वर बसवला. प्रिंटर वर आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.०.१२. बाई खाली बसून प्रश्नपत्रिका टाइप करतात, त्यांच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.७. तिसरा आकडा जुळत नाही. म्हणजे घर एक असलं तरी नेटवर्क दोन झाली आहेत. वरचा राउटर आपल्या पोटातल्या वस्तू खालच्यांना दिसू देत नाही. लॅपटॉप वर नेला की तो वरच्या वाय-फायला लागतो आणि प्रिंट येते, खाली आणला की येत नाही. घरात समज होतो की वरच्या खोलीत रेंज चांगली आहे. रेंजचा त्यात काही दोष नाही. उपाय असा: वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला 'ॲक्सेस पॉइंट' करून टाकायचं. मग तो स्वतः पत्ते वाटणं थांबवतो, सगळे पत्ते खालची पेटीच वाटते आणि नेटवर्क एक होतं.

याच जातीचे आणखी काही सापळे आहेत. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला असतो आणि प्रिंटर घरच्या वाय-फायला. दोघांनाही 'वाय-फाय' आहे, पण वेगवेगळं. किंवा कुणी तरी लॅपटॉप 'गेस्ट' वाय-फायला जोडलाय. ते वाय-फाय पाहुण्यांना घरातल्या वस्तू दिसू नयेत म्हणूनच केलेलं असतं. किंवा वाय-फायच्या यादीत 'डायरेक्ट'ने सुरू होणारं प्रिंटरचं स्वतःचं नाव दिसलं आणि लॅपटॉप त्यालाच जोडला. मग प्रिंट येते पण इंटरनेट जातं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घरच्या वाय-फायवर परततो आणि प्रिंटही जाते.

अलीकडचा सापळा व्हीपीएनचा. २०२० नंतर पुण्यातल्या कंपन्यांचं काम साताऱ्या-कराडच्या घरून करणारी मुलं बरीच आहेत. कंपनीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असतं, म्हणजे त्याची सगळी बोलणी एका बंद बोगद्यातून कंपनीकडे जातात. त्याच्या लेखी शेजारच्या खोलीतला प्रिंटर अस्तित्वात नसतो. सुट्टीच्या दिवशी प्रिंट येते आणि कामाच्या दिवशी येत नाही अशी तक्रार असेल, तर आधी हे बघा.

प्रिंटरचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर दुसरा काही शोध नको. प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक ठोकून दिलाय. वाय-फायची जोडणी पहिल्यापासून करा.

५. भिंती, कपाटं आणि दोन पट्टे

घरगुती राउटर मुख्यतः दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात पहिला पट्टा २००५ साली परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांना घराबाहेरही पूर्ण मोकळीक मिळाली ती २०१८ साली. २.४ च्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ च्या लहरीची त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. ५ चा वेग जास्त असतो, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. वाईच्या किंवा साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या जाड भिंती त्याला जवळजवळ थांबवतात. नव्या बंगल्यात सळ्यांचा स्लॅब तेच काम करतो. आणि लोखंडी कपाट! राउटर आणि प्रिंटर यांच्या मधे ते उभं असेल, तर दोन पावलं प्रिंटर सरकवण्याने जो फरक पडतो तो कुठल्याही सेटिंगने पडत नाही.

स्वस्त घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ च जाणतात. ५ चं वाय-फाय त्यांना दिसतच नाही. यावरून एक गैरसमज पसरलाय की लॅपटॉपही २.४ वरच हवा. तशी गरज नाही. एकाच राउटरचे हे दोन पट्टे असतील तर नेटवर्क एकच असतं. लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी पान पोचतं.

अडचण येते ती पहिल्यांदा जोडताना. नवे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. मोबाइल ५ वर असतो, कंपनीचं ॲप प्रिंटरला वाय-फायची माहिती देऊ बघतं आणि मधेच अडतं. अशा वेळी राउटरमधून ५ चा पट्टा दहा मिनिटं बंद करा, प्रिंटर जोडून घ्या आणि मग तो पुन्हा चालू करा.

६. वाट मोकळी आहे, मग संगणकाचं काय?

आता निर्णायक चाचणी. लॅपटॉपचा ब्राउझर उघडा आणि वर जिथे साइटचं नाव लिहितो तिथे प्रिंटरचा आयपी पत्ता टाका. बहुतेक वाय-फाय प्रिंटरच्या पोटात एक छोटं पान असतं, त्यात शाईची पातळी वगैरे दिसते. सुरक्षिततेचा इशारा आला तर घाबरू नका, पुढे जा. ते पान उघडलं की वाट मोकळी आहे हे सिद्ध झालं. आता दोष संगणकाच्या पोटात. उघडलं नाही तर मागच्या भागांकडे परत जा.

काही जण ही चाचणी पिंगने करतात, म्हणजे संगणकावरून त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतंय का ते बघतात. तीही चांगली, पण तिच्यात एक फसवणूक आहे. उत्तरात 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं येत असूनही विंडोज खाली 'चार पाठवले, चार मिळाले' असा हिशेब दाखवतं. ते उत्तर प्रिंटरने दिलेलं नसतं, लॅपटॉपने स्वतःच स्वतःला कळवलेलं असतं की कुणी सापडलं नाही. म्हणून हिशेब बघू नका, उत्तर कुठल्या पत्त्यावरून आलंय ते बघा.

संगणकाच्या पोटात दोष असला तर तो बहुधा रांगेत असतो. तुम्ही प्रिंट दिली की पान लगेच प्रिंटरकडे जात नाही, आधी रांगेत लागतं. ही रांग सांभाळणाऱ्या कामगाराचं नाव प्रिंट स्पूलर. पहिलंच पान अडकलं तर मागची सगळी थांबतात, आणि बटण दहा वेळा दाबलेलं असेल तर मागे दहा प्रती उभ्या असतात. मग कधी तरी मध्यरात्री वाट मोकळी होते आणि प्रिंटर एकाच प्रश्नपत्रिकेच्या प्रतींवर प्रती काढत सुटतो. रांग उघडा आणि सगळी कामं रद्द करा. रद्द होत नसतील तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, यादीत प्रिंट स्पूलर निवडा आणि रीस्टार्ट करा.

मग प्रिंटरची यादी बघा. सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'खाली एकाच प्रिंटरची दोन-तीन नावं दिसतील, एखाद्यापुढे 'कॉपी १' लिहिलेलं. सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा टाकण्याचं हे फळ. त्यांतलं एक नाव जिवंत असतं, बाकीची जुन्या पत्त्यांची भुतं. सगळी काढून टाका आणि प्रिंटर एकदाच, त्याचा राखून ठेवलेला आयपी पत्ता देऊन जोडा. तिथेच 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' असा पर्याय असतो, तो बंद करा. तो चालू असला तर विंडोज शेवटी वापरलेल्या प्रिंटरला मुख्य मानतं. काल तुम्ही कशाची तरी पीडीएफ केलेली असते, म्हणून आज सातबाराही कागदावर न येता 'फाइल कुठे ठेवू?' असं विचारत बसतो.

नेटवर्कच्या सेटिंगमध्ये घरचं वाय-फाय 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' तेही बघा. पब्लिक असेल तर संगणक स्वतःला सार्वजनिक ठिकाणी समजतो आणि आसपासच्या यंत्रांशी बोलणं टाळतो. घरचं वाय-फाय प्रायव्हेटच हवं.

एक चमत्कारिक प्रकार असाही असतो की वाट मोकळी, रांग रिकामी, पत्ता बरोबर आणि तरी ऑफलाइन. विंडोज प्रिंटरला मधूनमधून 'कसा आहेस?' असं एसएनएमपी नावाच्या भाषेत विचारतं. काही प्रिंटर त्या भाषेत नीट उत्तर देत नाहीत आणि विंडोज त्यांना गैरहजर लावतं. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स, तिथे कॉन्फिगर पोर्ट, आणि त्यातली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढा. पुष्कळदा प्रिंटर त्याच क्षणी ऑनलाइन होतो.

प्रिंटर आपली खबर नीट देत नाही ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यातून एक मोठी गोष्ट घडली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा एक नवा लेझर प्रिंटर आला. जुना प्रिंटर अडकला की लोकांच्या संगणकावर तसा निरोप यावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने करून ठेवली होती. नव्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूरच कंपनीने दिला नाही, त्यामुळे ती सोय करता येईना. लोक दुसऱ्या मजल्यावर जाऊन बघायचे तर काम अडलेलंच. स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली, तिच्या मुळाशी हा राग होता असं ते स्वतः सांगतात.

७. राउटर बदलला तर

इंटरनेटची कंपनी बदलली, जुनी पेटी गेली, नवी आली. मोबाइलवर नवा पासवर्ड टाकला, टीव्हीवर टाकला, प्रिंटर मात्र राहिला. तो बिचारा जुन्या नावाचं वाय-फाय शोधत बसलाय, आणि स्क्रीन नसल्याने त्याला नवा पासवर्ड सांगायचा तर ॲप, बटणं आणि लुकलुकणारे दिवे यांची मोठी कसरत.

ही कसरत टाळता येते. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. लहान-मोठी अक्षरं, मोकळी जागा, सगळं हुबेहूब. घरातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू राउटर बदललाय हे न कळताच जोडल्या जातात. प्रिंटर तरीही जोडला गेला नाही तर नव्या राउटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये फक्त डब्ल्यूपीए३ निवडलेलं आहे का बघा. जुन्या प्रिंटरना ते येत नाही. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय घ्या. जुना पासवर्ड घराचा नंबर किंवा मुलाची जन्मतारीख असला तर मात्र या युक्तीचा मोह सोडा आणि एकदाची कसरत करून टाका. पत्त्याचं आरक्षणही नव्या राउटरवर नव्याने करावं लागेल, ते जुन्या पेटीबरोबर गेलं.

आता खरेदीबद्दल. कोल्हापूर, पुणे किंवा सांगलीच्या दुकानात गेलात तर विक्रेता वाय-फायचा प्रिंटर आधी पुढे करेल. घरात दोन-तीन लॅपटॉप असतील, मोबाइलवरून प्रिंट काढायच्या असतील, तर तो घ्यावा, पैसे वसूल होतात. पण घरात संगणक एकच असेल आणि प्रिंटर त्याच टेबलावर ठेवायचा असेल, तर लक्षात ठेवा, वाय-फायच्या प्रिंटरलाही मागे यूएसबीचं भोक असतं. साधी तार पाच मीटरपर्यंत चालते. ती लावली की आयपी पत्ता, पट्टे, राउटर यांतलं काही लागत नाही. अशा घरी तारच लावावी.